पत्रिकेची जुनी प्रत

आमच्या भागात लग्नपत्रिकेत नाव राहिलं तर माणूस भांडायला येत नाही. भांडला तर बरं, दोन शिव्या देईल, चहा पिईल आणि विषय मिटेल. तो फक्त लग्नाला येत नाही. विचारलं तर घरून निरोप येतो, बरं नव्हतं. हे बरं नसणं मग पुढच्या बारशाला, त्यापुढच्या वास्तुशांतीला, असं चालत राहतं. दुखणं कुठलं आहे ते दोन्ही घरांत सगळ्यांना ठाऊक असतं, पण तोंडाने कुणी बोलत नाही. मला हे लहानपणापासून माहीत होतं. तरीही माझ्या हातून जे झालं ते झालं, म्हणून जास्तच लाज वाटते.

मी वेबसाइट बनवायचं काम करते. कंपनी ठाण्याला, सासर आसनगावला, माहेर खर्डीच्या पुढे. माहेरी माझ्या कामाला कुणी नाव दिलेलं नाही, "ती कम्प्युटरवर असते" एवढंच. त्यामुळे कुणाचा मोबाइल अडकला, कुणाचा सातबारा ऑनलाइन उघडेना, टीव्हीवर चॅनेल दिसेना, सगळं माझ्याकडे. मी चिडते, मग करून देते, आणि करून देताना चार गोष्टी ऐकवते. आई म्हणते, हिच्या जिभेला हाड नाही. मी म्हणते, कुणाच्याच नसतं.

धाकट्या भावाचं लग्न ठरलं तेव्हा मीच हट्ट धरला की या वेळी पत्रिका वेबसाइटवर. देवापुढे ठेवायला आणि म्हाताऱ्यांच्या हातात द्यायला थोड्या छापू, त्यात मुहूर्त आणि ठिकाण तेवढं. बाकी नावं, मानपान, हळदीचा कार्यक्रम, सगळं लिंकवर. बाबांना काही पटत नव्हतं. पत्रिका हातात दिल्याशिवाय आमंत्रण केल्यासारखं वाटत नाही म्हणाले. मी म्हटलं, बाबा, जग कुठे चाललंय. हे वाक्य मी घरी फार वापरते. शेवटी ते एका अटीवर तयार झाले: माझ्या बहिणीच्या गावात ती उघडली पाहिजे.

बाबांची बहीण म्हणजे माझी एकुलती एक आत्या. मुरबाड तालुक्यात, सरळगावच्या अलीकडे आत वळलं की डोंगराच्या पायथ्याला तिचं घर. तिथे मोबाइलची रेंज पाहुण्यासारखी येते आणि पाणीही न पिता जाते. आत्याच्या सुनेला कुणाशी नीट बोलायचं असलं तर ती शेताच्या बांधावर जाऊन उभी राहते.

ती अट मी मनावर घेतली. फोटो एकच ठेवला, तोही बारका. नाचणारा गणपती, पडणारी फुलं, सनईचा आवाज, काही नाही. आणि पानाच्या फायली आधीच दाबून ठेवल्या. म्हणजे सर्व्हरवर प्रत्येक फाइलच्या दोन प्रती: एक आहे तशी, आणि तिच्याशेजारी तीच फाइल आवळून लहान केलेली, गावाला जाताना आपण बॅगेवर बसून चेन लावतो तशी. मोबाइल पान मागतो तेव्हाच सांगतो की मला दाबलेलं चालेल. आताचे सगळे मोबाइल हे सांगतात. मग सर्व्हर शेजारची लहान प्रत उचलून देतो आणि मोबाइल ती उलगडून दाखवतो. सर्व्हरला ऐन वेळी आवळत बसायला नको आणि कमी रेंजवरही काम भागतं. मराठी अक्षरं एरवी जागा फार खातात, पण दाबली की छान बसतात.

आधी नुसत्या दोन ओळी टाकून आत्याच्या सुनेला लिंक पाठवली. तिने ओटीवर उभ्या उभ्या उघडली. लगेच उघडली म्हणाली. त्या दिवशी मी ऑफिसात उगाचच मिरवत होते.

मग पत्रिका लिहायला बसले. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. म्हणून हळदीला वेगळा भाग केला, आणि त्यात वरतीच ठसठशीत अक्षरांत ओळ घातली, पहिली हळद लावण्याचा मान. आमच्या घरात हा मान आत्याचा. हळद घरी दळून आणायची तीही आत्यानेच. माझ्या लग्नात मी पाटावर बसले होते आणि तिने आंब्याच्या पानाने माझ्या पायांपासून हळद लावायला सुरुवात केली होती, ते मला अजून आठवतं. लावताना ती रडत होती. पुढे आत्याचे यजमान वारले. आणि आता ती ओळ लिहिताना मी थोरल्या काकीचं नाव टाकलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी कुणाला विचारलंही नाही. लिहिलं आणि पुढच्या ओळीवर गेले.

बाबांना लॅपटॉपवर सगळं वाचून दाखवलं. बेस झालंय म्हणाले. लिंक भावकीच्या ग्रुपवर गेली, सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली, आणि थोरल्या काकीने आईला फोन करून विचारलं की हळदीला पिवळी साडी नेसू की हिरवी.

त्यानंतर बाबा आत्याला आमंत्रण द्यायला गेले. मला फोन आला तो जेवणाच्या सुट्टीत. बाबांचा आवाज वेगळा होता. मोटारसायकल रस्त्याच्या कडेला लावून बोलत होते. म्हणाले, हळदीच्या जागी काकीचं नाव काढ आणि आत्याचं घाल. मी म्हटलं, काकीला काय सांगणार? ते म्हणाले, ते मी बघतो, तू आत्ताच्या आत्ता घाल. पुढे म्हणाले, आत्याला सांगून आलोय, पहिली हळद तूच लावायची. ती नको नको म्हणत होती, लोकं नावं ठेवतील म्हणत होती. शेवटी एवढंच बोलली की पत्रिकेत नाव दिसलं तर येईन, चारचौघांत माझ्या भावाने लिहिलेलं दिसलं तर कुणाच्या बापाला भिणार नाही.

आता सगळं त्या एका ओळीवर होतं. ते मला कळलं होतं, कळलं नव्हतं असं म्हणणार नाही. उलट मला बाबांचा अभिमान वाटला. डबा बाजूला ठेवला, सर्व्हरवर गेले, मूळ फाइल उघडली, काकीचं नाव खोडून आत्याचं घातलं. मग खात्री करायला म्हणून, ऑफिसात करते तशी, कम्प्युटरवरून कमांड देऊन ते पान मागवलं. आत्याचं नाव आलं होतं. बाबांना कळवलं, झालं.

झालं नव्हतं. मी बदलली ती मोठी प्रत. शेजारची दाबलेली प्रत पुन्हा दाबून ठेवायला हवी होती, ती जुनीच राहिली. ऑफिसात हे काम आपोआप होतं, एक बदललं की दुसरं बदलतं, म्हणून हाताला सवय नाही. आणि सर्व्हर काही दोन्ही प्रतींच्या तारखा ताडून बघत नाही. दाबलेली शेजारी दिसली की तो ती देतो, डोळे झाकून. माझी कमांड दाबलेलं मागत नाही, म्हणून तिला मोठी, नवी प्रत मिळाली. साऱ्या जगाच्या मोबाइलवर जुनी जात होती आणि नवी दिसत होती ती मला एकटीला. स्वतःच्या मोबाइलवर एकदा उघडून बघायला काय झालं होतं मला, देव जाणे. तो तर हातातच होता.

एवढ्यावरही सावरता आलं असतं, कारण आईने सांगितलं होतं. हळदीच्या आधी मी माहेरी गेले तेव्हा ती मोबाइल घेऊन माझ्यामागे आली आणि म्हणाली, माझ्याकडे अजून काकीचंच नाव येतंय गो. मी तिच्या हातातला मोबाइल बघितलासुद्धा नाही. म्हटलं, तुझा मोबाइल जुना आहे, तो जुनं पान धरून बसतो, मी इथे याच्यावर पोट भरते, मला शिकवू नकोस. बायका तांदूळ निवडत बसल्या होत्या, त्यांच्यासमोर म्हटलं. आईने मोबाइल पदराने पुसला आणि फडताळावर ठेवून दिला. त्या मोबाइलचा काही दोष नव्हता, आणि आईचा तर नव्हताच.

हळदीच्या दिवशी मांडवाला जांभळीच्या डहाळ्यांचे टाळे बांधले होते, दारात उंबराची फांदी होती, आणि बाबा सकाळपासून रस्त्याकडे बघत होते. आत्यासाठी साडी आणली होती ती त्यांनी स्वतः पिशवीतून काढून पाटाजवळ ठेवली. हळद आणली नव्हती. आई म्हणाली, एक पाकीट असू दे घरात. बाबा म्हणाले, बहीण दळून आणणार आहे, पाकिटाची हळद माझ्या मांडवात नको.

काकीला बाबांनी सांगितलं होतं का? सांगितलं होतं म्हणे, पण आमच्याकडे सांगणं म्हणजे उभ्या उभ्या, दुसऱ्याच विषयाच्या शेपटाला बांधून सांगणं. काकी हिरवी साडी नेसून, नाकात नथ घालून पहिल्या रांगेत बसली होती.

आत्या आली नाही. बाबांनी फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला तर आत्याच्या मुलाने उचलला आणि म्हणाला, आईला बरं नाय मामा. फोन खिशात ठेवून बाबा मांडवाच्या खांबाला टेकून उभे राहिले, आणि मी बघितलं, त्यांचे ओठ हलत होते.

थांबताही येत नव्हतं. नवऱ्याची उष्टी हळद नवरीकडे जाते, ती गेल्याशिवाय तिकडे तिला हळद लागत नाही, तोवर ती पोर उपाशी बसते. नवरीचं गाव मुरबाडच्या पलीकडे, म्हसा गावाच्या वाटेवर. तिकडून फोनवर फोन येत होते, निघालात का, निघालात का. भावकीतल्या बायका कुजबुजत होत्या. एकजण म्हणाली, बरं झालं, तिचं तिलाच समजलं. बाबांना ते ऐकू गेलं.

आणि मला राग आला. बायकांचा यायला हवा होता, तो आला आत्याचा. माझ्या बापाने भावकीशी वैर पत्करलं, तिचं नाव सगळ्यांच्या वर घातलं, आणि ही ऐन वेळी पाय मागे घेते. मी मोठ्यानेच बोलले, मांडवात सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"नाव घालूनसुद्धा यायचं नसेल, तर मानापानाची हौस तरी कशाला करायची?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि फक्त "गप" म्हणाले. लहानपणी कधी हात उगारला नाही त्यांनी माझ्यावर, पण त्या एका शब्दाने कानाखाली बसल्यासारखं झालं. मग ते स्वतः गावातल्या दुकानात गेले आणि हळदीचं पाकीट घेऊन आले. काकीने पहिली हळद लावली. भाऊ पाटावर खाली मान घालून बसला होता.

उष्टी हळद घेऊन करवली म्हणून मीच निघाले. जीपमध्ये मी, शेजारची वहिनी, दोन-तीन बायका आणि मांडीवर झाकलेलं ताट. शहापूर मागे टाकून किन्हवलीच्या रस्त्याला लागलो. भाताच्या रोपांसाठी शेतांत राब भाजत होते, सगळीकडे धूर होता. मी अजून धुमसतच होते. वहिनीला नवरीच्या घराचा पत्ता बघायचा होता म्हणून तिने मोबाइलवर पत्रिका उघडली. वाचता वाचता ती सहज म्हणाली, बरोबरच झालं की, पहिली हळद काकीच लिहिलीय, मग तुझे बाबा थांबले कुणासाठी?

मी तिच्या हातातून मोबाइल ओढलाच. काकीचं नाव. माझा उघडला. काकीचं नाव. दोन वेगळे मोबाइल, एक जुना, एक नवा, आणि दोन्हींवर तेच. मग मला काही समजून घ्यावं लागलं नाही. दाबलेली प्रत. क्षणात सगळं कळलं. ताट मांडीवर नसतं तर मी जीपमधून उतरून पळून गेले असते.

मोबाइलवरूनच सर्व्हरवर गेले. एका ओळीची कमांड, फाइल पुन्हा दाब. डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. वहिनीला म्हटलं, परत उघड. तिने उघडलं आणि म्हणाली, अगो, हे तर आत्याचं नाव आलं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. एका ओळीचं काम, इतके दिवस ते मी केलं नव्हतं, आणि ज्या घरात ते दिसायला हवं होतं तिथे हळदीची वेळ टळून गेली होती.

ड्रायव्हरला सांगितलं, सरळगावच्या अलीकडे आत घ्या, थोडंसंच थांबायचंय. बायका कुरकुरल्या, तिकडे नवरी खोळंबली आहे. मी ताट वहिनीकडे दिलं आणि आत्याच्या दारात उतरले.

ती ओटीवर बसली होती. नवी साडी नेसलेली, केस विंचरलेले. बाजूला वाटी, वर पळसाचं पान झाकलेलं. हळद दळून तयार होती. बरं नसलेलं माणूस असं तयार होऊन बसत नाही. मला बघून ती उठली नाही, पण सुनेला म्हणाली, पाणी आण. मी तिच्या पायाशी बसले आणि घडाघडा बोलायला लागले. आत्या, नाव घातलं होतं गं, बाबांनी सांगितलं त्याच दिवशी घातलं होतं. सर्व्हरवर दोन प्रती असतात, एक मोठी, एक दाबलेली, तुमच्याकडे रेंज कमी म्हणून मी मुद्दाम दाबून ठेवली होती, मोठीत तुझं नाव आलं आणि दाबलेली जुनीच राहिली, तुम्हाला सगळ्यांना ती जुनी दिसत होती. सुनेचा मोबाइल घेतला, उघडून तिच्यापुढे धरला. हे बघ, आता आलं. बोलता बोलता मला हलकं वाटायला लागलं होतं, हे सांगायला जीभ रेटत नाही, पण खरं आहे. मला वाटलं, चूक कुणाच्या मनात नव्हती, एका फाइलमध्ये होती, हे कळलं की तिला बरं वाटेल.

आत्याने मोबाइलकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

"मला वाटलं, भावकीनं काढायला लावलं."

"नाय गं आत्या, काढलं कुणीच नाही. जुन्या प्रतीत आधीपासून काकीचंच होतं."

सून पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी राहिली होती.

"मंजे पयलं लिवलं तवा माजं नाव नव्हतंच," आत्या म्हणाली. "कोनी लिवलं होतं ते?"

खोटं बोलता आलं असतं. ऑफिसातल्या कुणावर ढकलता आलं असतं, ग्रुपवर ढकलता आलं असतं. पण तिच्यापुढे बसल्यावर जमलं नाही.

"मी."

तिने मान हलवली, एवढंच. माझ्या पायांकडे बघितलं असं मला वाटलं. कदाचित नसेलही बघितलं. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. बाहेर जीपचा हॉर्न वाजला. तिनेच म्हटलं, जा, ती पोर उपाशी बसली असेल. मग पळसाच्या पानासकट वाटी माझ्या हातात दिली, वाया जायला नको म्हणाली. मी उठले, चपला घातल्या, तेव्हा ती मागून बोलली.

"पन तुजं पान बेस हाय गो. आमच्याकडं कायपन उघडत नाय, ते लगेच उघडायचं. मी रोज उघडायला लावायची हिला."

तिने हे मनापासून म्हटलं होतं. टोमणा असता तर मी उलटून काहीतरी बोलले असते, मला ते येतं.

नवरीकडे उष्टी हळद पोचवली, हसले, फोटोत उभी राहिले. त्या फोटोंत माझं तोंड कसं दिसतं ते मी अजून बघितलेलं नाही.

परतलो तेव्हा दिवस मावळत होता. बाबा परसात चुलाण्याजवळ एकटेच उभे होते. मी वाटी त्यांच्या हातात दिली. पान उचलून त्यांनी हळदीचा वास घेतला, आणि तिला भेटलीस का असं विचारलं. मी सगळं सांगितलं. दाबलेली प्रत, मोठी प्रत, कमांड, वहिनीचा मोबाइल, आत्याची नवी साडी. सर्व्हरचा काही दोष नाही म्हटलं, मी आधी जे लिहिलं होतं तेच तो दाखवत राहिला. आणि हेही सांगितलं की आत्याला वाटत होतं भावकीने नाव काढलं, म्हणून मी तिला खरं काय ते समजावलं, की तिचं नाव आधीपासून नव्हतंच.

बाबांनी वाटी कट्ट्यावर ठेवली.

"मी तिला बोललो होतो," ते म्हणाले, "पत्रिका लिवताना पयलं नाव तुजंच लिवलंय."

रस्त्याच्या कडेला मोटारसायकल लावून मला केलेला तो फोन, तो वेगळा आवाज, आत्ताच्या आत्ता घाल, सगळं मला तेव्हा उलगडलं. बहिणीच्या तोंडावर त्यांना खरं सांगता आलं नव्हतं, कारण मी वाचून दाखवलं तेव्हा त्यांनीही ते ऐकलं होतं, आणि बेस झालंय म्हणाले होते. त्यांचं एक खोटं तेवढं तिच्याजवळ होतं. भावकीने घात केला, भावाने नाही, एवढ्यावर ती उद्या अक्षतांना आलीही असती. मी जीपमधून उतरून, माझी चूक किती लहान आहे हे दाखवायला, तेही तिच्याकडून काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याच्या आंघोळीच्या पाण्यात बाबांनी ती हळद स्वतः टाकली. बायका बघत होत्या. ही माझ्या बहिणीची हळद, असं ते मोठ्याने म्हणाले, काकीकडे बघून नाही आणि काकीला टाळूनही नाही. काकी बाजूला सरकली. मग मला म्हणाले, फोन लाव, येते का विचार.

मी बराच वेळ लावत राहिले. शेवटी सून बांधावर जाऊन बोलली. आईंना बरं नाही म्हणाली. मी विचारलं, नाव दिसलं का गं त्यांना, आता सगळीकडे बरोबर दिसतंय.

"दिसलं ना," सून म्हणाली. "सकाळी उठल्या उठल्या परत उघडायला लावलं. आलं, एवढंच बोलल्या. मग नवी साडी घडी करून ठेवली आन चूल पेटवायला गेल्या."